सहा माणसांचा फिल्टर

त्या घरात मनातलं काही सांगायचं असलं की माणसं पाण्याबद्दल बोलत.

ही सवय वडिलांनी लावली. वडील रागावले की "आज टाकीत पाणी कमी दिसतंय," एवढंच म्हणत आणि दोन्ही मुलगे मुकाट्याने पुस्तकं उघडून बसत. थोरला नोकरीला लागला त्या दिवशी वडिलांनी पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. "तुझ्या आंघोळीचं पाणी काढून ठेवलंय," म्हणाले, आणि आई पदर डोळ्यांना लावून आत गेली. परक्या माणसाला वाटे, या घरात पाण्याची फार टंचाई असावी. पाणी बोअरचं होतं आणि भरपूर होतं. बाकीचं बोलणं तेवढं जपून वापरायचे.

पुढे वडील गेले, आई गेली. खालच्या मजल्यावर थोरले, म्हणजे दादा, आणि त्यांची बायको, वरच्या मजल्यावर धाकटा आणि त्याची बायको, अशी वाटणी झाली. धाकट्याचेही केस आता पांढरे झाले होते. पण ज्याला एकदा धाकटा म्हटलं तो शेवटपर्यंत धाकटाच, त्या पदाला बढती नसते. मुलंबाळं शिकून आपापल्या वाटेला लागली होती. दोघा भावांत भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. रोज सकाळी दादा जिन्याखाली उभे राहून वर तोंड करून ओरडत, "मोटर लावतोय रे!" वरून आवाज येई, "लाव!" थोड्या वेळाने वरून, "भरली रे!" की खालून, "बंद करतो!" दोघा भावांचा दिवसभराचा संवाद एवढ्यात आटपे, आणि दोघांनाही त्यात काही कमी आहे असं कधी वाटलं नाही.

अशा घरात एका संध्याकाळी धाकट्याची बायको जिन्याचा कठडा घट्ट धरून, एकेक पायरी उतरत खाली आली. शेवटच्या पायरीवर ती जरा थांबली, मग दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, आम्ही तिकडे नव्या इमारतीत फ्लॅट घेतलाय. सगळं चांगलं आहे. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. ताबा मिळाला की जाऊ म्हणतोय."

दादांनी वर्तमानपत्र खाली केलं. "का?"

"या पाण्याचा फार कंटाळा आला हो."

"बरं," दादा म्हणाले आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. ते उलटं होतं, हे त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातून पाहिलं. पण तीही त्याच घरात मुरलेली. "चहाचं पाणी ठेवते," ती म्हणाली.

इथे दादांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्यांनी पुढे जे केलं ते निव्वळ वेडेपणाचं वाटेल. दादा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. हयातभर त्यांनी दुकानादुकानांतून तराजू तपासले, तळाला मेण लावलेली मापं पकडली, पोकळ वजनं जप्त केली. आळीत त्यांना काटेसाहेब म्हणत. आडनाव निराळंच होतं, पण ते पोस्टमनखेरीज कोणाच्या लक्षात नव्हतं. अशा माणसाची विचार करायची एक पद्धत ठरून जाते. गिऱ्हाईक म्हणालं, वजन कमी भरलं, तर वजन तपासायचं. गिऱ्हाईक त्या दिवशी उदास का होतं, हे खात्याच्या अखत्यारीत येत नाही.

तेव्हा धाकटा चालला आहे तो पाण्यामुळे. पाणी दुरुस्त केलं की कारण उरणार नाही. कारण उरलं नाही की माणूस जाणार नाही. दादांनी हे मनातल्या मनात दोनतीनदा पडताळून पाहिलं. कुठेही चूक सापडेना.

"सगळ्या घराला फिल्टर बसवतोय," त्यांनी बायकोला सांगितलं. "तोट्या खराब होतात."

"आपलं लग्न झाल्यापासून होताहेत," ती म्हणाली. "आजच कशा दिसल्या?"

दादा चपला शोधू लागले.

त्या पाण्याचे दोष दोन, आणि ते नीट वेगळे समजून घ्यायला हवेत, कारण सुरुवातीला दादांनीही त्यांची गल्लत केली होती. पहिला दोष गाळ. तो प्रामाणिक असतो. डोळ्यांना दिसतो, बादली नुसती ठेवली तरी आपणहून तळाशी जाऊन बसतो. दुसरा दोष जडपणा. तो दिसत नाही. पेल्यात मीठ विरघळवलं तर पाण्याकडे बघून कळतं का? तसाच जमिनीतला चुना पाण्यातून लपून येतो. पाणी दिसतं काचेसारखं. पण तापवलं की चुना भांड्याला धरतो आणि साबण लावला की फेस येत नाही. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात. मुलं हा शब्द परीक्षेपुरता पाठ करतात आणि मग जन्मभर बाथरूममध्ये त्याचा अनुभव घेतात. या घरातला गिझर उघडला तेव्हा आत कॉइल सापडेना. पांढरं वारूळच निघालं. वडिलांनी लावलेल्या पितळी तोट्यांना चुन्याच्या दाढ्या आल्या होत्या.

माप घेतल्याशिवाय खरेदी करायची नाही, हा दादांचा बाणा. म्हणून ते आधी पालिकेच्या प्रयोगशाळेत गेले. नमुन्याची बाटली तिथूनच मिळते, आणि बाटली मिळायला अर्ज लागतो.

"मिळकत कोणाच्या नावावर आहे?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"वडिलांच्या."

"मग अर्ज त्यांनी करायला हवा."

"ते वारले."

"कधी?"

"बरीच वर्षं झाली."

कारकुनाने समोरच्या पडद्यावर पाहिलं. "आमच्याकडे नोंद नाही. घरपट्टी त्यांच्याच नावाने भरताय. म्हणजे आमच्या लेखी ते आहेत."

दादा रागावायला हवे होते. पण त्यांना क्षणभर बरंच वाटलं. एवढ्या मोठ्या जगात, निदान या एका खिडकीपुरते, वडील अजून होते आणि वेळच्या वेळी घरपट्टी भरत होते.

"असतील तर त्यांना घेऊन या," कारकून म्हणाला, "नसतील तर सगळ्या वारसांच्या सह्या आणा."

वारस दोन. दादा अर्ज घेऊन जिना चढले. डॉक्टरांनी जिने बंद केल्यापासून ते वर गेले नव्हते. मधल्या वळणावर थांबून त्यांनी छातीवर हात ठेवला, खिशातली गोळ्यांची पट्टी चाचपली आणि उरलेला जिना इभ्रतीच्या जोरावर चढून गेले. वर दारातच खोकी रचलेली होती.

"अरे, तू कशाला चढलास?" धाकटा पुढे धावला. "हाक मारायचीस."

"सही हवी होती. पाणी तपासायचंय."

"आता कशाला?"

"तोट्या खराब होतात."

धाकट्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग खोक्यांकडे पाहिलं आणि सही केली. "पाणी घे," म्हणाला. पेल्याच्या तळाशी नेहमीसारखा तांबूस गाळ होता. दोघंही त्या गाळाकडे बघत बसले. काहीतरी बोलण्याची ती वेळ होती, हे दोघांनाही कळत असावं. मग दादांनी पेला तोंडाला लावला, तळाचा घोट रीतीप्रमाणे सोडून दिला आणि ते उठले.

"सावकाश उतर," धाकटा म्हणाला.

बाटली मिळाली, भरून दिली गेली आणि अहवाल आला. पाणी उत्तम आहे. गाळ नाही, जडपणा अगदी किरकोळ. फिल्टरची आवश्यकता नाही.

दादांनी अहवाल दोनदा वाचला. मग त्यांनी शंका येऊन स्वयंपाकघराकडे पाहिलं. "बाटली कोणी भरली होती?"

"मी," बायको म्हणाली.

"कशी?"

"कशी म्हणजे? चांगलं उकळलं, निवू दिलं, वरचं वरचं काढून दुहेरी फडक्यातून गाळलं."

"अगं, तपासायला न्यायचं होतं ते!"

"म्हणूनच! सरकारी माणसांपुढे आपल्या घरचं असलं पाणी ठेवायचं? काय म्हणाले असते ते?"

जन्मभर दुकानदारांचे नमुने जप्त करणाऱ्या माणसाच्या घरातूनच खोटा नमुना गेला होता. दुसऱ्या बाटलीसाठी नवा अर्ज आणि पुन्हा वारसांच्या सह्या लागणार होत्या. वर जाऊन काय सांगायचं? दादांनी तो विचार सोडला आणि बाजारातून जडपणा मोजायचा छोटा संच आणला. चंचुपात्रात पाणी घ्यायचं, गुलाबी करायचं आणि निळं होईपर्यंत एकेक थेंब औषध टाकायचं. जितके थेंब, तितका जडपणा. दादा थेंब टाकत गेले, पाणी गुलाबीच. हात भरून आला तरी गुलाबीच. बाटली संपत आली तेव्हा कुठे ते कुरकुरत निळं झालं.

हा प्रकार स्वयंपाकघरात ओट्यावर चालला होता म्हणून आळीला कळायचं राहिलं, असं मात्र झालं नाही. शेजारचे निवृत्त कंपाउंडर येऊन म्हणाले, तुरटी फिरवा. दादांनी समजावलं की तुरटीने गाळ बसतो, चुना जात नाही. कंपाउंडर म्हणाले, "जात नाही कसा? भरपूर फिरवत नाही तुम्ही." समोरच्या घरातल्या गृहस्थांनी पाइपाला मोठं लोहचुंबक बांधलं होतं. त्यांच्या मते चुंबकाने पाण्याची मती सुधारते. त्यांच्या तोट्यांनाही दाढ्याच होत्या, पण "चुंबक नसतं तर बघा!" असं ते म्हणत, आणि या युक्तिवादापुढे आजवर कोणाचं चाललेलं नाही.

मग एक विक्रेता घरी आला. त्याने पेल्यात दोन धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडली. पाणी बघता बघता गंजाच्या रंगाचं झालं, वर साय धरली. "हे तुम्ही पिता, साहेब," तो हळहळून म्हणाला.

दादांच्या नाकाला मेण लावलेल्या मापाचा वास आला. "तुमच्या पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली आहे ना? ती ओता बरं दुसऱ्या पेल्यात, आणि त्यात बुडवा कांड्या."

विक्रेत्याची बाटली तर आणखीच काळी निघाली. रंग पाण्याचा नव्हताच, कांड्या गंजत होत्या. विक्रेत्याला ही गोष्ट ठाऊक होती की नाही कोण जाणे. सकाळपासून आपण प्यालेल्या त्या पाण्याकडे तो बराच वेळ टक लावून पाहत राहिला आणि सामान आवरून उठला. दादांना वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. झाला नाही. पूर्वी असं काही पकडलं की घरी येताना जिन्यातून वर हाक मारून धाकट्याला सांगावंसं वाटे, आणि मग ते म्हणत, "मोटर लावली होती का रे?"

शेवटी ते बायकोला घेऊन फिल्टरच्या दुकानात गेले. दुकानदार सभ्य निघाला; त्याने पाणी काळं केलं नाही, फक्त एक प्रश्न विचारला.

"घरात माणसं किती?"

"खाली दोन," दादा म्हणाले.

"आणि वर?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. दादांनी पाहिलं नाही. "वर दोन."

"म्हणजे चार."

"येणारेजाणारे धरून सहा करा."

दुकानदाराने पेन खाली ठेवलं. "काका, एक सांगतो. माणसं कमी आणि यंत्र मोठं, असं करू नये. वापर नसला की आतलं पाणी शिळं होतं. चौघं नक्की असतात ना घरात?"

"वर माणसं राहतात," दादांचा आवाज चढला. "राहतात म्हणजे राहतात. सहा माणसांचा द्या."

दुकानाबाहेर आल्यावर बायको हळूच म्हणाली, "अहो, त्यांचं तिकडचं सगळं ठरलंय."

"ठरू दे. माणूस तिकीट काढूनही गाडी चुकवतो."

यंत्र आलं ते टेम्पोतून. आधी गाळ अडवणारी उभी गाळणी, मग माणसाच्या छातीइतका निळा ड्रम, आणि शेजारी मीठ भरायची टाकी. ड्रमात बारीक मणी असतात. ते पाण्यातला चुना धरून ठेवतात. मणी चुन्याने भरले की यंत्र त्यांना मिठाच्या पाण्याने धुऊन काढतं आणि ते पुन्हा कामाला लागतात. एवढं सगळं बसायला जागा एकच होती, जिन्याखाली, आणि तिथे धाकट्याची स्कूटर उभी असे. कोणी न बोलावताच धाकटा खाली आला, स्कूटर बाहेर उन्हात नेऊन लावली आणि म्हणाला, "नाहीतरी न्यायचीच होती." दादांना ते वाक्य दिवसभर पुरलं.

त्यांनी प्लंबरला सांगून यंत्राच्या आधी एक छोटा नळ ठेवून घेतला, कच्च्या पाण्याचा. आधीचं माप आणि नंतरचं माप घेतल्याशिवाय फरक कळायचा कसा? बाकी सगळं प्लंबरने आपल्या मताने केलं. त्याने ड्रम पुढे बसवला आणि गाळणी मागे. म्हणजे आधी चहा गाळायचा आणि मग पावडर टाकायची, त्यातला प्रकार. चारदोन दिवसांत सगळा गाळ ड्रमात जाऊन मणी चिखलात बुडाले आणि मोटर घसा बसल्यासारखी खरखरू लागली. दुरुस्तीला आलेल्या प्लंबरने "कंपनीचाच माल असा" म्हणून ड्रम पुन्हा पुन्हा मिठाने धुतला आणि ते मीठ बाहेर काढून टाकायच्या आतच मोटर चालू केली. मिठाचं पाणी थेट गच्चीवरच्या टाकीत.

सकाळी जिन्याच्या वरच्या टोकाशी धाकट्याची बायको दिसली. ती खाली आली नाही. "भाऊजी, आज चहा खारट लागतोय हो."

दुसऱ्या कुठल्याही घरात या वाक्याचा अर्थ चहा खारट लागतोय एवढाच झाला असता. दादा मात्र खालच्या पायरीवर मटकन बसले. "गेलं सगळं," ते म्हणाले. बायकोने स्वतःच्या चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "अहो, खरंच खारट आहे," ती म्हणाली. दादांच्या जिवात थोडा जीव आला.

टाकी रिकामी केली, गाळणी पुढे आणवली, प्लंबर बदलला. मग एका दुपारी दादांनी संच काढला, नव्या पाण्यात गुलाबी रंग टाकला, औषधाचा पहिला थेंब टाकला आणि पाणी निळं झालं. एकाच थेंबात! एखाद्या हट्टी मुलाने वर्षभर नाही नाही म्हणावं आणि एके दिवशी स्वतःहून पाढे म्हणून दाखवावेत, तसं झालं. दादा चंचुपात्र घेऊन जिन्याखाली धावले.

"मऊ झालं रे!"

"काय?"

"पाणी!"

वरून, "बरं!" आणि मग खोक्याला चिकटपट्टी लावताना होतो तो फर्रर्र आवाज.

मऊ पाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. साबण अंगावरून जातच नाही असं वाटतं. बायको तासभर न्हाणीघरात राहिली आणि "मी मासळी झालेय" म्हणत बाहेर आली. दादांना मोरीत पाय ठेवायची भीती वाटू लागली. जन्मभर त्या खरखरीत पाण्याने अंग धरून ठेवलं होतं. आता काहीच धरून ठेवत नव्हतं.

हे नुसतं अंगाच्या बाबतीतच खरं नव्हतं. घरातले पाइप वडिलांच्या वेळचे, लोखंडी. आतून गंजून त्यांना बारीक भोकं पडली होती आणि प्रत्येक भोकात चुना जाऊन बसला होता. दादा ज्याला हयातभर दोष देत आले तोच चुना मुकाट्याने घर सांधून बसला होता. मऊ पाणी आलं, चुना हळूहळू सुटू लागला आणि एके दिवशी वर्तमानपत्र वाचणाऱ्या दादांच्या डोक्यावर बरोबर मध्यभागी थेंब पडला. टप्. संध्याकाळपर्यंत सगळ्या छताला नकाशे उमटले. नवा प्लंबर म्हणाला, सगळे पाइप बदला, आणि हे सांगून पाइप आणायला जो गेला तो दुसऱ्या दिवशीपर्यंत आलाच नाही.

धाकटा वरून बादल्या घेऊन आला. खोल्यांतून बादल्या मांडून झाल्यावर दोघं भाऊ मधल्या खोलीत दोन खुर्च्यांवर बसले. मध्ये बादली.

"पाणी छान झालंय, दादा."

"मऊ आहे."

"हो. हिचे केस गळायचे थांबले."

"मग?"

"मग काय?"

टप्. दादांनी आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. "मग आता कंटाळा कशाचा आहे?"

धाकटा बादलीत बघत राहिला. "जिन्याचा," तो शेवटी म्हणाला. "हिचे गुडघे गेलेत. उतरताना डोळ्यांत पाणी येतं तिच्या. आताशा ती खाली यायचंच टाळते. तिकडे लिफ्ट आहे."

"पाण्याचा म्हणाली होती."

"मग काय म्हणणार? आपल्या घरात असं सरळ कोणी कधी सांगितलंय?"

दादा छताकडे बघत बसले. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि ते खुर्चीत पुढे सरकले. "अरे वेड्या, मग मला सांगायचंस! आम्ही दोघं वर आलो असतो, तुम्ही खाली आला असता. एवढंसं तर काम! सामानाची अदलाबदल! जिना काय, मी सकाळी एकदा उतरलो असतो, संध्याकाळी एकदा चढलो असतो..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू वर आला असतास हे माहीत आहे," धाकटा म्हणाला. "म्हणूनच नाही सांगितलं."

दादांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, गोळ्यांच्या पट्टीवर थांबला. दोघांच्या मधली बादली भरत आली होती. धाकट्याने उठून ती ओतून आणली आणि पुन्हा त्याच जागी ठेवली.

पाइप बदलून झाले, आणि वरचे दोघं नव्या घरी गेले त्या दिवशी टेम्पो आला तेव्हा जिन्याखालचं यंत्र स्वतःला धूत होतं. त्याला वेळ लावून दिलेली असते. कोण येतं, कोण जातं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. धाकट्याची बायको एकेक पायरी उतरली, जाऊबाईंच्या गळ्यात पडली आणि दादांना वाकून नमस्कार करायला गेली. "राहू दे, राहू दे, गुडघे..." दादा म्हणाले. गुडघे हा शब्द त्या घरात चौघांसमोर पहिल्यांदाच उच्चारला गेला होता, आणि तोही जाताना.

दुकानदार खरं बोलला होता. सहा माणसांचं यंत्र दोन माणसांत चालेना. वरच्या मजल्यावरच्या पाइपांतलं पाणी शिळं होऊन त्याचा वास येऊ लागला. नळ रोज थोडा वेळ सोडायला हवेत, असं सांगण्यात आलं. बायको म्हणाली, मी जाते. दादा म्हणाले, मी सावकाश जातो. ते मधल्या वळणावर थांबत, श्वास घेत आणि वर जाऊन एकेक नळ सोडत. खोल्या रिकाम्या होत्या. भिंतीवर कपाटाच्या मापाचा फिकट चौकोन होता. पाणी वाहत राही, उत्तम, मऊ, पहिल्या थेंबात निळं होणारं. दादा उंबऱ्यावर बसून ते वाहताना बघत. सकाळी मोटर लावताना मात्र अजून त्यांच्या तोंडून जाई, "मोटर लावतोय रे!" आणि मग ते स्वतःच जरा थांबून बटण दाबत.

एके दिवशी फोन आला.

"पाणी कसं आहे, दादा?"

"छान आहे. तुमच्याकडे?"

"चोवीस तास येतं."

"मग झालं तर."

मग धाकटा म्हणाला, "चव नाही रे या पाण्याला."

"बघतो," दादा म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी कपाटावरचा पांढरा कॅन काढून धुतला आणि जिन्याखाली जाऊन यंत्राच्या आधीच्या त्या छोट्या नळाला लावला. पाणी आलं, तांबूस, गढूळ, ओळखीचं. कॅन खिडकीत ठेवून त्यांनी गाळ खाली बसू दिला. वरचं पाणी निवळ झालं, तरी तळाशी बोटभर थर उरला. तो त्यांनी तसाच ठेवला.

"अहो," बायको म्हणाली, "एवढा खटाटोप करून मऊ केलं आणि नेताय ते हे?"

"त्याला जड लागतं."

नव्या इमारतीत दार धाकट्याच्या बायकोने उघडलं. ती स्वयंपाकघरातून भरभर चालत आली होती, कशालाही न धरता. दादांनी ते पाहिलं आणि कॅन उंबऱ्यावर ठेवताना त्यांना थोडा वेळ लागला.

धाकट्याने पेला भरला, सावकाश प्यायला, तळाचा घोट रीतीप्रमाणे सोडून दिला.

"जड आहे," तो म्हणाला.

"आहेच."

दोघं बसले. लिफ्टचा आवाज येत होता, जात होता. निघताना दादांनी सवयीने कॅनकडे हात नेला. आपलं भांडं दुसऱ्याकडे राहू द्यायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. खात्यात असताना एक पावशेराचं मापसुद्धा ते सहीशिवाय कोणाच्या टेबलावर सोडत नसत.

"राहू दे की तो," धाकटा म्हणाला. "अजून पाणी आहे त्यात. पुढच्या खेपेला ने."

दादांनी हात मागे घेतला. "बरं," ते म्हणाले, आणि रिकाम्या हातांनी लिफ्टमध्ये शिरले.